सान इसिद्रो: जेसो अखेर बसला, खांदा अजून बाकी

मंडळी, सान इसिद्रो या शेतकरी संताच्या माझ्या लाकडी मूर्तीवर जेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचा जिप्सम आणि सरसाचा थर, अखेर बसला! मागच्या वेळी ज्या गालांवर चिरांचं जाळं दाखवलं होतं, तिथे आता बोट फिरवलं तर कुठे अडत नाही.

त्या चिरांसाठी तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा संशय मूर्तीच्या पांगाऱ्याच्या लाकडावर होता. सावंतवाडीची खेळणी ज्याची होतात, ते हे मऊ लाकूड ओलसर राहिलं तर दगा देतं, हे खरं. पण लाकूड आकसलं की चीर लाकडाच्या रेषेच्या दिशेनं जाते. इथे जाळं होतं, म्हणजे दोष थरातच. न्यू मेक्सिकोचे सान्तेरोही, म्हणजे संतांच्या मूर्ती घडवणारे कारागीर, जिप्सम आणि जनावराचा सरसच वापरायचे, तिथली हवाही कोरडीच. मग आपलंच का तडकावं?

फळीच्या तुकड्यांवर सरसाचं प्रमाण बदलत पट्टे ओढले. 1 ला 10 पाणी: कडक, तडकला. 1 ला 14: भुकटी बोटाला लागली. 1 ला 12 टिकला, पण फक्त सकाळी लावलेला. दुपारी तेच मिश्रण फुटलं! सोलापूरच्या एप्रिलात वरचा पापुद्रा लगेच वाळतो, खालचा ओलाच राहतो, आणि नंतर आकसताना वरच्याला फाडतो. काम कूलरच्या खोलीत हलवलं, झोत मूर्तीवर न घेता. थर सावकाश वाळले आणि जाळं गेलं. सरस उकळू द्यायचा नाही, आणि या उन्हाळ्यात रोज ताजा करायचा. रात्रीचा उरलेला सकाळी वास मारतो.

हार्डवेअरच्या दुकानातला सुतारी सरस मी सोडला, त्यात कचरा फार. केकचं सामान मिळतं तिथलं बिनचवीचं जिलेटिन कितीतरी स्वच्छ. तयार अ‍ॅक्रिलिक जेसो कॅनव्हासला ठीक, बुल्टोला, म्हणजे अशा कोरीव लाकडी मूर्तीला, नाही. पॉलिश पेपरखाली त्याच्या गोळ्या होतात.

बैल मात्र अगदी मनासारखे उतरलेत. परंपरेप्रमाणे संतापेक्षा लहान, नांगरावर देवदूत, पण शिंगं खिल्लारची, लांब आणि मागे झुकलेली. 1622 मध्ये संत फ्रान्सिस झेवियरबरोबर संतपद मिळालेला हा शेतकरी, लोक पावसासाठी त्यालाच साकडं घालतात. आपल्या जिल्ह्यात त्याच्या नांगराला दुसरी जोडी शोभलीच नसती.

राहिला खांदा. हात वेगळे कोरून खुंटीनं बसवलेत. त्या सांध्यावर बारीक रेघ परत परत येते. जुने कारागीर सांध्यावर पातळ कापड सरसानं चिकटवून वर जेसो देत, तेच करणार होते. पण हे लिहिताना सुचतंय, पट्टीच कशाला? अख्खा अंगरखाच कापडाचा करू. सान्तेरो जेसोत बुडवलेलं कापड मूर्तीला चढवायचेच, आणि माझ्या कोरलेल्या चुण्या तशाही जड दिसताहेत. घरात जुनं, धुऊन मऊ झालेलं धोतर आहे, त्याचा तुकडा आधी फळीवर बघते. म्हणजे रंग आणि राळेचं वार्निश आता लांबणीवर गेलं. 15 मे हा इसिद्रोचा सण, तोवर निदान अंगरखा उभा राहावा.

कुणी कापड बुडवलं असेल तर सांगा, चुण्या पाडायला हातात किती वेळ मिळतो?