४४०बीएक्सवर पीसी१०० आणि पीसी१३३ एकत्र: कामाच्या नोंदी

पेन्टियम थ्रीच्या मशीनमध्ये रॅम वाढवायला घेतली होती, ते काम काल रात्री बरंचसं मार्गी लागलं. बोर्ड इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावर मेमरी वगैरे सांभाळणाऱ्या चिप), बस म्हणजे मेमरीपर्यंतच्या मार्गाचा वेग १०० मेगाहर्ट्‌झ. पहिल्या स्लॉटमध्ये पीसी१०० (१०० मेगाहर्ट्झसाठीची), सीएल२ची १२८ एमबी स्टिक आधीपासून होती. सीएल म्हणजे मागितलेला डेटा यायला क्लॉकची किती आवर्तनं लागतात तो आकडा. दुसऱ्यात पीसी१३३ची (१३३ मेगाहर्ट्झसाठीची) २५६ एमबी लावली. क्लॉक बोर्ड देतो, त्यामुळे १३३ची स्टिकही इथे १००वरच चालते. म्हणून मी निर्धास्त होतो.

रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ प्रोग्रॅम लावला आणि पाचव्या चाचणीत चुकांच्या लाल ओळी यायला लागल्या. पहिला संशय जुन्या स्टिकवर. ती एकटी ठेवून तपासली, एकही चूक नाही. नवी एकटी ठेवली, तीही स्वच्छ. दोन्ही लावल्या की पुन्हा लाल! दोन संध्याकाळी यातच गेल्या. स्टिक्सच्या पिना खोडरबरने घासल्या, स्लॉट ब्रशने साफ केले, फरक शून्य.

मग चुकांचे पत्ते नीट पाहिले. सगळे १२८ एमबीच्या पुढचे, म्हणजे नव्या स्टिकमधले. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) गेलो तर सीएल२ लागलेलं. नवी एकटी असताना तिथे सीएल३ होतं, तेव्हा उलगडा झाला. स्टिकवरच्या एसपीडी चिपमध्ये टायमिंग लिहिलेलं असतं, आणि माझं बायोस ते पहिल्या स्लॉटवरून उचलतंय असं दिसतं.

आता हिशोब बघा. पीसी१३३ सीएल३ म्हणजे ७.५ नॅनोसेकंदांची ३ आवर्तनं, २२.५ नॅनोसेकंद. १०० मेगाहर्ट्‌झला सीएल२ म्हणजे फक्त २०. माझी ‘वेगवान’ स्टिक त्या अडीच नॅनोसेकंदांत कमी पडत होती, आणि पीसी१००वाली मात्र २०मध्ये आरामात डेटा देत होती! लेबलवरच्या १३३वरून हे कधीच कळलं नसतं. पुष्कळ सीएल३ स्टिक्स १००वर सीएल२ला चालून जातात, पण तशी हमी कुणी दिलेली नसते. जोडी लावताना आता मी आधी सीएल बघतो, मग मेगाहर्ट्‌झ.

स्टिक्सची अदलाबदल केली, पीसी१३३ पहिल्या स्लॉटमध्ये. बायोसने आपणहून सीएल३ घेतलं. तरी खात्रीसाठी हाताने सीएल३ पक्कं केलं आणि रात्रभर मेमटेस्ट चालू ठेवला. सकाळी चुका शून्य. ३८४ एमबी.

तिसऱ्या स्लॉटसाठी आणखी एक २५६ एमबी स्टिक होती, एकाच बाजूला ८ चिप असलेली. ती १२८च दिसते. स्टिक ठणठणीत आहे. ४४०बीएक्सला १२८ मेगाबिटपर्यंतच्याच चिप कळतात आणि हिच्यावर २५६ मेगाबिटच्या आहेत. इथे १६ चिपवालीच हवी. ही ८१५ चिपसेटच्या बोर्डासाठी बाजूला काढून ठेवली आहे, तो बोर्ड पुढच्या आठवड्यात उघडतो.