नग विकण्यापासून कुंपण उभं करण्यापर्यंत: आमची वाटचाल

सोलापूर भागात सिमेंटचा पोल घ्यायला येणारा पहिला प्रश्न भावाचाच विचारतो: "सात फुटी नग कितीला बसेल?" आमच्या कामाची सुरुवात या प्रश्नाच्या उत्तरापासूनच झाली. सात फूट लांब, चार इंच बाय चार इंच, दोन फूट जमिनीत, पाच फूट वर. आज आमच्या कोटेशनमध्ये नगाचा भाव एका ओळीत संपतो. बाकीच्या ओळी कोपरे, टेकू, खड्डे आणि तारेच्या ताणासाठी असतात. हा बदल कसा होत गेला, त्यामागचं गणित काय आणि खांब कुठे दगा देतो, ते इथे मांडतो आहोत.

कुंपणाचा खांब म्हणजे जमिनीत रोवलेली तुळईच. वर ढकललं की सगळ्यात जास्त वाक जमिनीलगत येतो आणि खांब मोडतो तोही तिथेच. म्हणून आम्ही खांबाची ताकद एकाच मापात सांगतो: शेंड्याला आडवी ओढ किती किलोची सोसतो? गिऱ्हाइकाला हे लगेच कळतं, कारण म्हैस अंग घासते, माणूस तारेवर पाय देऊन चढतो, ट्रॅक्टरचा नांगर अडकतो, हे सगळं त्याच्या डोळ्यासमोर असतं.

चार इंची खांबात बाजारात सर्रास ४ एमएमच्या चार तारा घालतात. एम-२५ काँक्रीट (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसणारं), २० एमएम कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), तारेची ताकद ५०० दर्जाच्या सळईइतकी धरली, तर हा खांब शेंड्याला साधारण ५० किलोच्या ओढीला मोडतो. पहिली भेग ४० किलोच्या आसपास पडते. म्हणजे भेग आणि मोड यांत जेमतेम दहा किलोंचं अंतर. असा खांब आधी इशारा देत नाही, फाटकन मोडतो. त्याच साच्यात ६ एमएम टीएमटीच्या चार सळया घातल्या की मोड १०० किलोवर जातो आणि ६५ किलोपर्यंत निर्धास्त वापरता येतो. भेग मात्र तेव्हाही ४० लाच पडते, कारण भेग काँक्रीटवर ठरते, लोखंडावर नाही. पण ४० नंतर खांब वाकून दाखवतो, भेगा रुंदावतात, तेवढ्यात टेकू देता येतो. लोखंड किती वाढलं? सात फुटी खांबाला मुख्य सळया ८०० ग्रॅमवरून १ किलो ८५० ग्रॅमवर गेल्या, आणि सळयांभोवती बांधायच्या ४ एमएमच्या आठ रिंगांचे पाव किलो वेगळे.

मधोमध ८ एमएमची एकच सळई घालणारेही आहेत. गंमत अशी की त्यात लोखंड ४ एमएमच्या चार तारांइतकंच असतं आणि कागदावर तो खांब थोडा जास्तच, ६० किलोपर्यंत भरतो. तरी आम्ही तो करत नाही. सळई पृष्ठभागापासून लांब असल्याने भेग पडली की रुंद पडते, पाणी आत जातं. रिंगा नसतात, त्यामुळे ट्रॉलीतून टाकताना खांब उभा चिरतो. आणि ओतताना सळई जराशी एका बाजूला सरकली, तर दुसऱ्या दिशेची ताकद गेलीच.

सळई सरकण्याचा हा मुद्दा आमच्या मते सगळ्यात मोठा. खांब आडवे ओततात. कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून लांब धरणारे ठोकळे) नसले की सळयांचा पिंजरा व्हायब्रेटिंग टेबलावर तळाला बसतो. तळाला ५ एमएम कव्हर, वर ३५. मग तोच १०० किलोचा खांब वरच्या बाजूने ताण आला तर ७८ किलोला मोडतो, आणि तळाच्या बाजूने गंज चढून सळईच्या रेघेत भेगा पडतात. बाहेरून दोन्ही खांब सारखेच गुळगुळीत दिसतात. म्हणून आम्ही पिंजऱ्याला २० एमएमचे कव्हर ब्लॉक चारही बाजूंनी, लांबीत तीन ठिकाणी बांधतो. त्यातली एक जागा जमिनीच्या रेषेजवळच येते. बाइंडिंग तारेची टोकं आत वळवायची. बाहेर आलेलं टोक म्हणजे गंजाला दिलेलं दारच.

कुंपणाच्या आरसीसी खांबांसाठी आयएस ४९९६ हे वेगळं भारतीय मानक आहे, आणि काँक्रीटचे सर्वसाधारण नियम आयएस ४५६ मध्ये. त्यात मध्यम स्वरूपाच्या हवामानासाठी किमान एम-२५, घनमीटरला किमान ३०० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.५० सांगितलं आहे. आमचं मिश्रण सिमेंटच्या ५० किलोंच्या एका पोत्याला असं असतं: अंदाजे १०० किलो क्रश सँड, १२५ किलो १० एमएम खडी, पाणी साडेबावीस लिटर आणि थोडं प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही माल पातळ ठेवणारं रसायन). घनमीटरला साधारण ४०० किलो सिमेंट पडतं. २० एमएमची खडी चार इंची साच्यात चालत नाही. ती सळई आणि साचा यांच्यामध्ये अडकते, खाली पोकळी राहते. एका खांबाला २१ लिटरच्या आसपास काँक्रीट लागतं, म्हणजे पोत्याला सहा खांब. कोणी पोत्याला दहा काढत असेल, तर त्याच्या घनमीटरमध्ये २३५ किलोच सिमेंट आहे. स्वस्त खांबाचं गुपित बहुतेक वेळा एवढंच असतं.

साडेबावीस लिटरमध्ये वाळूतलं पाणीही धरायचं असतं. क्रश सँड ओली आली, पाच टक्के ओलावा असला, की पोत्यामागे पाच लिटर पाणी तिच्यातच असतं. पावसाळ्यात तेवढं वजा केलं नाही तर माल सरबरीत होतो, साच्यात छान पसरतो आणि कामगार खूश होतात. पण क्यूबची (तपासणीसाठी ओतलेल्या ठोकळ्याची) ताकद खाली येते. मूठभर वाळू दाबून पाहायची: गोळा टिकला आणि तळहात ओला झाला, तर पाणी कमी करायचं.

पाणी कुठलं, हेही बघावं लागतं. आपल्याकडच्या कित्येक बोअरचं पाणी खारं आहे. आरसीसीसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आणि सल्फेट ४०० च्या आत हवं. जास्त क्लोराइड म्हणजे सळईला आतूनच गंज. पाण्याच्या तपासणीला फार खर्च येत नाही, आणि बोअर खोल केला किंवा उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ती पुन्हा करावी लागते.

क्युरिंगबद्दल, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं करण्याबद्दल, थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर असतो, वारा कोरडा. काँक्रीट पहाटे सुरू करून दहाच्या आत उरकायचं, साचे सावलीत ठेवायचे, साचा सुटला की खांब हौदात. हौद नसेल तर ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक. नुसतं दिवसातून तीनदा पाइपाने पाणी मारणं म्हणजे क्युरिंग नव्हे. दोन फेऱ्यांच्या मध्ये खांब पार वाळतो. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान १० दिवस. २८ दिवसांआधी माल गाडीत चढवायचा नाही, कितीही घाई असली तरी.

तार बांधायला खांबात भोकं ठेवतो. साच्यात १२ एमएमचा गुळगुळीत गज ऑइल लावून बसवायचा, काँक्रीट आवळू लागलं की अधूनमधून फिरवायचा आणि मग काढायचा. उन्हाळ्यात ही वेळ लवकर येते. उशीर झाला तर गज निघताना भोकाभोवती चिरा पाडतो. भोक दोन सळयांच्या बरोबर मधून जातं, म्हणून ताकद फारशी कमी होत नाही. पण जमिनीच्या रेषेपासून वीतभर वरपर्यंत भोक नको. रानडुकरांसाठी सगळ्यात खालची तार जमिनीलगत हवी असते. ती भोकात न घालता खांबाला जीआय तारेने वेढा देऊन बांधतो. सरकारी निविदांत भोकांऐवजी ६ एमएमच्या सळईचे तुकडे बाहेर काढलेले असतात. ते बांधायला सोपे, पण गंज तिथूनच आत शिरतो. झटका मशीन (तारेत विजेचा झटका सोडणारं) लावणार असाल तर तार भोकातून ओवू नका, इन्सुलेटर लावा. पावसात भिजलेलं काँक्रीट करंट जमिनीत सोडतं.

सात फुटी खांबाचं वजन ५३ किलो. उचलताना दोन माणसांनी टोकांपासून लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर धरायचं, रचतानाही लाकडी पट्ट्या तिथेच. ट्रॉलीतून थेट जमिनीवर टाकलेल्या खांबाला मध्यावर केसासारखी भेग पडते. ती कोरड्यात दिसत नाही. संशय असेल तर खांबावर पाणी ओतून पाच मिनिटं थांबावं: पृष्ठभाग वाळत जातो आणि भेगेची रेघ तेवढी काळी राहते. अशी रेघ खांबाला आडवी, पूर्ण वेढा घालून दिसली, तर तो नग बाजूला काढतो.

नग विकून मोकळं होण्याऐवजी पूर्ण कुंपणाचं काम अंगावर घ्यायचं ठरवलं ते एका साध्या निरीक्षणावरून: मधले खांब क्वचितच पडतात, कुंपण कोपऱ्यातून सुटतं. मधल्या खांबाला दोन्हीकडून तार सारखीच ओढते, म्हणून तिथे निव्वळ ओढ शून्याजवळ. कोपऱ्यावर मात्र प्रत्येक बाजूच्या पाचही तारांचा ताण आतल्याच बाजूला. शिवाय हवामान. दुहेरी पिळाची १२ गेजची काटेरी तार मे महिन्याच्या दुपारी कचकचून ताणली आणि जानेवारीच्या पहाटे पारा ३० अंशांनी खाली आला, तर प्रत्येक ओळीत ७० किलोंच्या आसपास ताण नव्याने वाढू शकतो. पिळाच्या ढिलाईमुळे थोडा कमी होतो, तरी पाच ओळींचा मिळून ३०० ते ३५० किलो. चार इंची खांब एकट्याने हे सोसूच शकत नाही. म्हणून मे महिन्यात तार हाताने ताठ होईल एवढीच ओढतो. चेन पुलीचा जोर सकाळच्या गारव्यात आणि तोही बेतानेच.

कोपऱ्याचा आमचा सेट असा: आठ फुटी, पाच इंच बाय पाच इंचाचा खांब, ८ एमएमच्या चार सळया, अडीच फूट जमिनीत आणि दोन टेकू, प्रत्येक तारेच्या दिशेने एक, आतल्या बाजूला, ४५ अंशांत. टेकूसाठी खांबात साच्यातच खाच ठेवतो आणि १२ एमएम बोल्टने आवळतो. बहुतेक जण इथे एक गोष्ट विसरतात. टेकू खांबाला आडवा धरतो, पण त्याच वेळी वर उचलतोही. तारांचा ३५० किलोंचा ताण सरासरी अडीच फुटांवर आणि टेकू सव्वातीन फुटांवर असेल, तर ४५ अंशांत खांब उपटायचा जोर २७० किलोंपर्यंत जातो. खांबाचं स्वतःचं वजन ९५. म्हणून कोपऱ्याचा खड्डा दीड बाय दीड, अडीच फूट खोल, आणि काँक्रीट पूर्ण भरलेलं. त्याचंच वजन सव्वातीनशे किलोंच्या वर जातं. टेकूच्या पायाखालीही काँक्रीटचा ठोकळा हवा, नाहीतर तो पहिल्या पावसात मातीत रुततो आणि तारा लोंबायला लागतात. सरळ रेषेत निविदांमध्ये दर पंधराव्या खांबाला दोन्ही बाजूंनी टेकू असतो. काळ्या रानात आम्ही दर दहाव्याला देतो.

जमीन बदलली की खड्डाही बदलतो. सांगोल्याकडच्या मुरमाड माळावर दीड-दोन फुटांत खांब घट्ट बसतो. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात तसं नाही. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि दरवर्षी खांबाला थोडं थोडं हलवत राहते. तिथे खड्डा अडीच फूट, आणि वरपेक्षा तळाला रुंद. नेमकं उलटं करणारे बरेच दिसतात: वर रुंद, खाली निमुळता. अशा काँक्रीटला फुगणारी माती कडेने धरून वर उचलते. साध्या खांबाला १:३:६ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, एक फूट चौरस आणि दोन फूट खोल, पोत्यात चार ते पाच खड्डे होतात. वरचा भाग जमिनीच्या दोन इंच वर घेऊन चारी बाजूंनी उतार द्यायचा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचत नाही. काँक्रीट भरल्यावर सात दिवस तार ताणायची नाही.

कालव्याखालच्या चोपण, खारवट जमिनीत खांब बुडापासून सोलतात. तिथे कव्हर ३० एमएम करतो, म्हणजे साचाही पाच इंची होतो आणि भाव वाढतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, ते ऐकून घ्यायचं. पण चार इंचात ३० एमएम कव्हर दिलं तर सळया मध्याकडे सरकतात आणि ताकद जाते. दोन्ही एकाच साच्यात मिळत नाही.

आणखी एक मागणी अलीकडे वाढली आहे: चेनलिंक जाळीला हिरवं शेडनेट बांधायची. डाळिंबाच्या बागेला धुळीपासून आडोसा म्हणून लोक ते नंतर स्वतःच बांधतात. ढोबळ हिशोब सांगतो. खांब आठ फुटांवर, पाच फूट उंची, ५० टक्के सावलीचं नेट, वळवाच्या वादळात वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर. खांबाच्या शेंड्याला ४४ किलोंच्या ओढीइतका जोर येतो. ७५ टक्के नेट असेल तर ६६. म्हणजे ६ एमएम टीएमटीचा खांब काठावर उभा आहे आणि ४ एमएम तारेचा आडवा झाला आहे. खांब दहा फुटांवर असतील तर हे आकडे सव्वापट. म्हणून नेट लागणार का, हे आम्ही ऑर्डर घेतानाच विचारतो आणि हो असेल तर पाच इंची खांब देतो.

"एकराला किती खांब?" याला एकच उत्तर नाही. चौरस एकराचा घेर ८३५ फूट, आठ फुटांवर १०५ खांब. तोच एकर १०० फूट रुंदीची लांबट पट्टी असेल तर घेर १,०७० फुटांवर जातो आणि खांब १३४. म्हणून सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून आम्ही भाव सांगत नाही. मोजणीचा नकाशा, माती काळी की मुरमाड, तार की जाळी, नेट लागणार का आणि गेट कुठे, एवढं कळलं की धावत्या फुटाचा दर देतो. कोपऱ्यांचे सेट त्यात वेगळे दाखवतो, कारण दोन कोटेशनची तुलना करताना फरक बहुधा त्याच ओळीत असतो.