रापा नुई: पहिली होडी कुठून आली?

रापा नुईवरच्या विनापूचा आहू, म्हणजे पुतळे उभारायचा दगडी चौथरा, जमिनीकडून पाहिला तर पालथे पडलेले मोआई (दगडी पुतळे) आणि विखुरलेले दगड यापलीकडे फारसं काही दिसत नाही. वळसा घालून समुद्राकडच्या बाजूला या. आहू ताहिरा नावाच्या या चौथऱ्याची मागची भिंत बसॉल्टच्या तासलेल्या शिळांची आहे. शिळांची तोंडं किंचित फुगीर, कोपरे गोलसर, सांधे घट्ट. आणि एका सांध्यात उरलेली फट बुजवायला नेमका कापून बसवलेला छोटासा दगड. पेरूतल्या कुस्कोच्या इंका भिंती पाहिलेल्या माणसाला त्या इथे आठवतातच. रापा नुईवर, म्हणजे ईस्टर बेटावर, पहिली माणसं पूर्वेकडून दक्षिण अमेरिकेतून आली की पश्चिमेकडून पॉलिनेशियातून, हा वाद समजून घ्यायचा तर सुरुवात या भिंतीपासून करावी, असं माझं मत आहे.

पहिली माणसं दक्षिण अमेरिकेतून आली असं मांडणारे नॉर्वेजियन संशोधक थोर हेयरडाल यांचा हा हुकमी पुरावा. १९४७ साली त्यांनी पाच साथीदारांसह बाल्सा लाकडाचा ‘कॉन-टिकी’ तराफा पेरूच्या कायाओ बंदरातून सोडला आणि १०१ दिवसांनी तो पॉलिनेशियातल्या तुआमोतू द्वीपसमूहातल्या रारोइआच्या प्रवाळखडकावर जाऊन आदळला. पुढे १९५५-५६ मध्ये त्यांची मोहीम रापा नुईवर आली. अमेरिकेहून वाऱ्याबरोबर पश्चिमेला जाता येतं, हे त्या तराफ्याने नक्की दाखवलं. पण जाता येतं म्हणून कोणी गेलंच होतं, असं होत नाही. शिवाय किनाऱ्यालगतचा प्रवाह टाळण्यासाठी तराफा आधी बोटीने ओढत खुल्या समुद्रात न्यावा लागला होता.

आता भिंत नीट पाहा. इंकांच्या भिंतीत दगड सगळ्या जाडीभर भरीव असतात आणि तेच भार पेलतात. आहूत आतमध्ये दगडमातीची भर असते, शिळा म्हणजे बाहेरून लावलेलं अस्तर. दिसणं सारखं, बांधण्याची रीत वेगळी. शेजारच्या दुसऱ्या आहूची भिंत ओबडधोबड आहे. हेयरडाल यांच्या गटाचं म्हणणं होतं की कसबी भिंत आधीची, ती बांधणारे लोक बाहेरून आले आणि नंतर कला उतरणीला लागली. प्रत्यक्षात ओबडधोबड भिंत जुनी आणि घोटीव काम नंतरचं निघालं. म्हणजे हे कसब बेटावरच वाढीला लागलं. ऊन तिरपं असताना या, सांधे स्पष्ट दिसतात. आहूवर चढणं आणि दगडांना हात लावणं दोन्ही मना आहे.

इथे पोचण्याचे नियम कडक आहेत. सांतियागोहून विमान साडेपाच तासांच्या आसपास घेतं. चढण्याआधी ऑनलाइन प्रवेश-फॉर्म भरलेला लागतो; परतीचं तिकीट आणि नोंदणीकृत निवासाचं आरक्षण (किंवा रहिवाशाचं निमंत्रणपत्र) नसेल तर सांतियागोलाच अडवतात. २०१८ पासून बाहेरच्या माणसाला ३० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. राष्ट्रीय उद्यान माऊ हेनुआ हा रापानुई समाज स्वतः चालवतो. तिकीट १० दिवस चालतं, पण रानो राराकू (मोआई घडवायची खाण) आणि ओरोंगो (विवराच्या कडेवरचं जुनं विधींचं गाव) या दोन ठिकाणी एकेकदाच प्रवेश मिळतो, आणि बहुतेक जागी स्थानिक गाइड बरोबर असावाच लागतो. म्हणून ही दोन ठिकाणं घाईत उरकू नका, आणि गाइड ठरवतानाच सांगून ठेवा की पुतळ्यांइतकाच वेळ या प्रश्नाला द्यायचा आहे.

ओरोंगोच्या वाटेवर रानो काऊचं विवर लागतं. खाली पाण्यावर तोतोरा बोरूचे हिरवे तुकडे तरंगताना दिसतात. दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवरावर होड्या बांधतात तीच ही तोतोरा. ती माणसांनीच अमेरिकेतून आणली, असं हेयरडाल म्हणत. पण विवरातल्या गाळाचे उभे नमुने काढून त्यातले परागकण तपासले तेव्हा तोतोरा बेटावर माणसाच्या हजारो वर्षं आधीपासून असल्याचं दिसलं. पक्ष्यांबरोबर बी आलं असावं. रानो राराकूच्या उतारावर गुडघे टेकून बसलेला, दाढीवाला तुकुतुरी हा पुतळा आहे. हेयरडाल यांनी त्याचं नातं बोलिव्हियातल्या तिवानाकू या प्राचीन नगराशी जोडलं. एवढ्या एका वेगळ्या पुतळ्यावर मी तरी कुठलाही सिद्धांत उभा करणार नाही.

खरा निकाल लागतो आनाकेनाला. दंतकथेप्रमाणे राजा होतू मातूआ हिवा नावाच्या मायभूमीतून येऊन याच पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर उतरला. इथल्या उत्खननात सर्वांत खालच्या मानवी थराचा काळ इ.स. १२०० च्या आसपासचा आला आणि २००६ साली तो प्रसिद्ध झाला. त्याआधी पुस्तकांतून इ.स. ४०० असा आकडा फिरत असे. तो चुकण्याचं कारण साधं आहे. कार्बन कालमापन लाकूड कधी वाढलं ते सांगतं, कधी जाळलं ते सांगत नाही. जुन्या झाडाचा गाभा किंवा वाहत आलेला ओंडका चुलीत गेला तर चूल कित्येक शतकं जुनी वाटते. म्हणून आता बिया, काटक्या असे अल्पायुषी नमुनेच भरवशाचे धरतात. २०११ मध्ये पूर्व पॉलिनेशियातल्या तारखा याच कसोटीवर पुन्हा चाळल्या गेल्या, तेव्हा दूरच्या बेटांवरची वस्ती साधारण ११९० ते १२९० याच काळात झाल्याचं दिसलं. बरोबर आलेले प्राणीही पॉलिनेशियन: कोंबडी आणि पॅसिफिक उंदीर. डुक्कर आणि कुत्रा मात्र इथे टिकले नाहीत किंवा पोचलेच नाहीत.

भाषेची साक्ष तर त्याहून जुनी. १७७४ साली कॅप्टन कुक इथे आला तेव्हा त्याच्या जहाजावर पॉलिनेशियाच्या सोसायटी बेटांतला माहिने हा तरुण होता आणि त्याला बेटकऱ्यांचं बोलणं काही प्रमाणात कळत होतं. खरा आक्षेप वाऱ्याचा. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, मग पश्चिमेकडून येणार कसं? पण अधूनमधून पश्चिमेचे वारे सुटतात, आणि नेहमीच्या वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला शोधाला निघण्यात शहाणपण आहे: जमीन सापडली नाही तर तोच वारा घरी आणून सोडतो. १९९९ मध्ये ‘होकुलेआ’ ही हवाईची दुहेरी होडी उपकरणांशिवाय, तारे आणि लाटा वाचत, पश्चिमेकडच्या मांगारेवा या पॉलिनेशियन बेटाहून सुमारे २,६०० किमी कापून इथे आली. तिला तीन आठवडेही लागले नाहीत.

मग अमेरिकेचा संबंधच नाही? आहे, आणि इथेच बहुतेक जण घसरतात. पहिले कोण आले आणि नंतर कोणाची कोणाशी गाठ पडली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रताळं मूळचं अमेरिकेचं, तरी युरोपीय येण्याच्या कितीतरी आधी ते पॉलिनेशियात पिकत होतं. ते समुद्रावरून आपोआप पोचलं असंही काही वनस्पतिशास्त्रज्ञ मांडतात. डीएनएचा पुरावा त्याहून थेट आहे. आजच्या रापानुई लोकांत अमेरिकी आदिवासी अंश दिसतो, पण १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी बेट लुटलं, १८७७ मध्ये जेमतेम १११ माणसं उरली, नंतर चिलीहून लोक आले. त्यामुळे हा अंश अलीकडचा असेल, ही शंका रास्तच होती. ती फेडायची युक्ती अशी: दर पिढीला गुणसूत्रांचे वारशाने आलेले तुकडे मोडत जातात, म्हणून तुकडे जितके आखूड तितकी सरमिसळ जुनी. २०२० च्या अभ्यासाने ती सरमिसळ पूर्व पॉलिनेशियात १२०० च्या सुमारास, आजच्या कोलंबियातल्या लोकांशी जुळणाऱ्या गटाबरोबर झाल्याचं मांडलं. २०२४ मध्ये १५ जुन्या रापानुई व्यक्तींच्या जनुकसंचांत सुमारे १० टक्के अमेरिकी अंश सापडला. काळ १२५० ते १४३० दरम्यानचा. समुद्र ओलांडून परत येण्याची विद्या असलेले दर्यावर्दी पॉलिनेशियन होते, तेव्हा अमेरिकेला जाऊन आले ते हेच, असं मला पटतं. गाठ रापा नुईवरून गेलेल्यांची पडली की पॉलिनेशियातल्याच मार्केसास बेटांवरून, यावर अजून भांडण आहे, आणि ते मिटवायला मार्केसासचे तितकेच जुने नमुने लागतील.

हे १५ अवशेष पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. अभ्यासकांनी बेटावर जाऊन समाजाशी बोलणी केली, आणि अवशेष रापानुईंचेच असल्याचं सिद्ध झाल्यामुळे ते परत आणण्याच्या मागणीला आधार मिळाला. गाइडशी या विषयावर बोलताना हे ध्यानात असू द्या. हाडांबद्दलचा प्रश्न त्यांच्यासाठी पूर्वजांबद्दलचा असतो, तेव्हा आधी विचारायची परवानगी घ्या.