मेगा मॅन नेमका कोठून सुरू करावा?
मेगा मॅन या व्हिडिओ गेम मालिकेची सुरुवात कोणत्या भागापासून करावी, असे कोणी विचारले की माझे उत्तर ठरलेले असते: दुसऱ्या. १९८७ सालच्या मूळ पहिल्या भागात खेळ थांबला तिथून पुढे सुरू करून देणाऱ्या पासवर्डची सोयच नव्हती, त्यामुळे यंत्र बंद केले की सारी मेहनत पाण्यात जात असे. १९८८ च्या दुसऱ्या भागात पासवर्ड आला, हरवायला सहाऐवजी आठ शत्रू यंत्रमानव आले आणि ताकद पूर्ण भरून देणारी ई-टाकीही आली. या आठांपैकी पहिल्यांदा मेटल मॅनला गाठावे. त्याच्या खोलीतली जमीन मधूनच उलट दिशेने सरकू लागते तेव्हा तोल जातो (माझा अजूनही जातो), परंतु त्याला हरवून मिळणारे धारदार चक्र आठही दिशांना फेकता येते आणि ऊर्जा अगदी थोडी खाते. पहिला भाग मग सवडीने, हात बसल्यावर खेळावा.