दीडफुटी शब्द आणि कवडी कापूस

नोव्हेंबरात आमच्या घरी पाहुण्याला बसायला जागा नसते. पुढच्या खोलीत खिडकीच्या वरपर्यंत कापूस भरलेला असतो आणि आल्यागेल्याला दारातच उभ्यानं चहा घ्यावा लागतो. आठवीतल्या माझ्या पुतणीचा अभ्यास मात्र त्या कापसावरच चालतो. अंग खाजतं म्हणून रोज बोलणी खाते, आणि रोज तिथंच बसते. त्या दिवशी ती डोळे मिटून, मान डोलवत काहीतरी पुटपुटत होती. खाली आई वाती वळत बसलेली. तिनं हात थांबवला.

"काय वो, कोनाची नजर उतरवून राह्यली?"

नजर नव्हती, इंग्रजी होतं. सरांनी लांबलचक शब्दांची यादी दिली होती, अर्थासकट पाठ करायला. असल्या शब्दांना इंग्रजीत 'सेस्क्विपिडेलियन' म्हणतात, म्हणजे दीडफुटी. होरेस या रोमन कवीनं ही थट्टा दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवली आहे, आणि थट्टेचा तो शब्दही काही आखूड नाही.

यादीत सगळ्यात वर होता 45 अक्षरांचा एक आजार. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. पोरीनं धांड्याची कांडी करावीत तसे त्याचे तुकडे पाडले होते. अर्थ असा की ज्वालामुखीची अतिबारीक धूळ छातीत जाऊन होणारा फुप्फुसाचा रोग. मला गंमत वाटते ती याची की हा शब्द कुण्या डॉक्टरानं केलेला नाही. 1935 साली अमेरिकेतल्या शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्षानं, एव्हरेट स्मिथनं, तो मुद्दाम लांब व्हावा म्हणून जुळवला. आमच्याकडे ज्वालामुखी नाही. कापसाची धूळ आहे. ती वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली की जो रोग होतो त्याचं नाव बायसिनोसिस, इंग्रजीत दहाच अक्षरं. सूतगिरण्यांतल्या कामगारांची छाती सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळून यायची, म्हणून त्याला 'सोमवारचा ताप' असंही म्हणत. खऱ्या दुखण्याला नाव ठेवताना एवढी हौस कोणाला असते?

पण पुतणी अडली होती दुसऱ्याच शब्दावर. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. इंग्रजीत 29 अक्षरं, आपल्या लिपीत 13 मध्ये बसतो. अर्थ एका ओळीचा: एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. तिला अर्थ कळला होता, शब्द मात्र जिभेवर बसत नव्हता. मी तिला तो उलगडून सांगितला. लॅटिनमध्ये 'फुटक्या किमतीचं समजणं' यासाठी चार शब्द आहेत, ते एकापुढे एक जोडले की हा शब्द. फ्लॉकस, नॉकम, निहिल आणि पिलस. नॉकम म्हणजे क्षुल्लक वस्तू, निहिल म्हणजे काहीच नाही, पिलस म्हणजे केस.

"अन् फ्लॉकस?"

"लोकरीचा पुंजका."

तिनं बसल्या जागी मूठभर कापूस उचलला. "असा?"

असाच. एवढ्या कापसावर बसून पोरगी जो शब्द घोकत होती, त्याचं पहिलं अक्षर तिच्या मुठीत होतं. 1741 साली विल्यम शेनस्टन नावाच्या इंग्रज कवीनं हा शब्द एका पत्रात वापरला, तोही कौतुकानं. अमका माणूस पैशाला काडीचीही किंमत देत नाही, म्हणून तो मला आवडतो, अशा अर्थानं. पैसे असणाऱ्यांना हे बरं जमतं.

दुसऱ्या दिवशी दादा मेटॅडोर घेऊन बाजारात गेला, मीही गेलो. व्यापाऱ्यानं गाडीत कोपरापर्यंत हात घातला, आतला पुंजका ओढून काढला, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणला, तुटलेला धागा उजेडात पाहिला. सरकारी खरेदीत निदान ओलावा मोजायचं यंत्र लावतात, 12 टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. इथं यंत्र म्हणजे ते दोन अंगठे. मग त्यानं पुंजका बोटांनी उडवून दिला. "ओल हाये. कवडी बी हाये."

आमच्याकडे किडीनं नासलेल्या, पिवळट पडलेल्या कापसाला कवडी म्हणतात. कवडीमोल हा शब्द समुद्रातल्या कवडीवरून आला हे मला ठाऊक आहे, पण वऱ्हाडात तो ऐकताना डोळ्यांपुढे समुद्र येत नाही. दादा काही बोलला नाही. पहिल्या वेच्याचा, पांढरा फटक कापूस होता तो. भाव ठरला, गाडी रिकामी झाली.

घरी आल्यावर पुतणीनं दारातच तो शब्द एका दमात म्हणून दाखवला, न अडखळता. आई अजून वातीच वळत होती.

"येवढा लांब शब्द पाठ केला, तं मार्क किती भेटते?"

"एक."

"एकच?" आईनं वात मांडीवर घासून बाजूला ठेवली. "त्या मास्तरनंबी अंगठ्यानंच पाह्यलं वाट्टे."