वर्गातल्या धुळीतलं शिसं

न्यूयॉर्कमध्ये लेकीला प्री-केत, म्हणजे इथल्या बालवर्गात घालताना आरोग्याचा एक फॉर्म भरून द्यावा लागला. लसींच्या रकान्यांजवळच रक्तातल्या शिशाचाही रकाना होता. इथे मूल एक वर्षाचं आणि मग दोन वर्षांचं झालं की डॉक्टरांनी ही तपासणी करायचीच, असा राज्याचा नियम आहे. आपल्याकडे लहान मुलांच्या बाबतीत हा विषय कुणी काढल्याचं मला आठवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

या शहराने घरातल्या रंगांमधल्या शिशावर १९६० मध्ये बंदी घातली, देशभर ती १९७८ मध्ये आली. तरीही २०१९ मध्ये इथल्या एका रेडिओ केंद्राने चार सरकारी शाळांमधली धूळ तपासून घेतली, तेव्हा त्यात शिसं निघालं. मग महापालिकेने १९८५ पूर्वीच्या इमारतींमधले लहान मुलांचे वर्ग पाहिले आणि ९०० हून अधिक वर्गांत जुना, शिसं असलेला रंग खराब झालेला सापडला. बंदी येते ती नव्या डब्यावर. भिंतीवरचा जुना थर नव्या रंगाखाली तसाच राहतो.

पोपडे उचलून मूल तोंडात घालतं ही भीती खरी आहे, पण जास्त शिसं जातं ते धुळीतून. इथल्या जुन्या लाकडी खिडक्या वर-खाली सरकतात. दरवेळी चौकटीवर रंग घासला जातो आणि त्याची पूड खालच्या फळीवर साचते. मुलं तिथेच हात टेकतात, त्याच हाताने डबा खातात. शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं. मोठ्यांपेक्षा लहान मुलं ते चार-पाच पट जास्त शोषतात. रक्तात लोह कमी असेल तर आणखीनच. परिणाम होतो तो मेंदूवर, आणि झालेली हानी भरून येत नाही. इथे एक डेसिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम शिसं दिसलं की पुढची चौकशी सुरू होते, पण त्याहून कमी म्हणजे सुरक्षित, असंही कुणी म्हणत नाही.

आता आपल्या शाळा. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांवर शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या बालवाड्या आणि अंगणवाड्या डोळ्यांपुढे आणा: कमरेपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा, वर बोलक्या भिंती, त्यात पिवळा आणि केशरी भरपूर. शिशाचा वापर जास्त व्हायचा तो ऑइल पेंटमध्ये, आणि त्यातही या रंगांत. मे महिन्यात रंगकाम निघालं की भिंतीला कोरडाच पॉलिश पेपर मारतात, त्याची धूळ वर्गभर बसते, आणि जूनमध्ये मुलं त्याच फरशीवर मांडी घालून बसतात. मला सर्वात जास्त काळजी याची वाटते.

इथे जुन्या शाळेत असं काम करायला प्रशिक्षित माणसंच लागतात. तो नियम आपल्याकडे येईल तेव्हा येईल. तोवर पालकसभेत एवढं तरी मागा: भिंत ओली करून घासा, खाली प्लास्टिक अंथरा, काम संपल्यावर झाडू न मारता फरशी आणि खिडक्या ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा. आणि घासणाऱ्या रंगाऱ्याला चांगला मास्क द्या. सगळ्यात जास्त धूळ त्याच्याच छातीत जाते, तीच कपड्यांवरून त्याच्या घरी, त्याच्या मुलांपर्यंत पोचते.