मानेचा तिरकेपणा

मंगळवार, रात्री

आज मूर्तीची मान तिसऱ्यांदा कापली. चेहऱ्याला हात लावला नाही. नाक, ओठ, पापण्या सगळं जागच्या जागी आहे, तरी दोन आठवडे हे डोकं खांबावर नेऊन ठेवल्यासारखंच दिसतंय.

संध्याकाळी आरशासमोर बसले, मान उजवीकडे वळवली आणि बोटांनी गळा चाचपत राहिले. डावीकडे दोरीसारखा ताठ उभा राहतो तो स्नायू म्हणजे स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. हे नाव तोंडात बसायला चार दिवस लागले, पण त्याचा सगळा पत्ता त्या नावातच आहे: छातीच्या मधल्या हाडाचं वरचं टोक, कॉलरबोन आणि कानामागचा उंचवटा. मूर्ती उजवीकडे बघते म्हणून मी उजवीकडचाच स्नायू फुगवला होता. प्रत्यक्षात उलट असतं. डावा स्नायू आखडतो, कानामागच्या हाडाला पुढे ओढतो आणि चेहरा उजवीकडे फिरतो. खाली त्याला दोन मुळं आहेत. छातीच्या हाडावरचं गोल आणि घट्ट, कॉलरबोनवरचं पसरट. दोहोंच्या मधे एक छोटा त्रिकोणी खळगा पडतो. तो खळगा मला फार आवडला. मातीत अंगठ्याने हलकंसं दाबलं आणि गळा एकदम कातडीचा वाटू लागला.

खरी चूक मात्र मातीत नव्हतीच, आतल्या तारेत होती. मी तार सरळ उभी रोवली होती. मान सरळ नसते, खांद्यांतून पुढे झुकून वर येते. डोकं खाली घातलं की पाठीमागे जो मणका हाताला टोचतो, तो बहुतेकांच्या बाबतीत मानेच्या ७ मणक्यांपैकी शेवटचा. समोरची गळ्याची खळगी त्याच्यापेक्षा बरीच खाली असते. म्हणजे मानेचा पायाच तिरका, मागे उंच आणि पुढे उतरता. मी दोन्हीकडे एकच पातळी धरून चालले होते. आता तार वाकवली आहे.

हनुवटीखालून गळा जिथे वळतो, तिथलं हायॉइड हाड दुसऱ्या कुठल्याच हाडाला टेकलेलं नाही, केवळ स्नायूंनी आणि बंधांनी तोलून धरलेलं आहे. हे वाचल्यापासून तो कोपरा कोरताना हात आपोआप हलका पडतो.

फ्रेंच शिल्पकार हूदाँने १७६७ साली केलेल्या त्वचाहीन पुतळ्याचे फोटो आज पुन्हा काढून पाहिले. तेव्हा तो जेमतेम पंचविशीत होता. ख्रिस्ती संत योहान बाप्तिस्त्याच्या मूर्तीची तयारी म्हणून केलेला तो अभ्यास, आणि नंतर कितीतरी शिल्पकार त्याच्यावरूनच शिकले. पूर्वी मी त्यात फक्त स्नायूंची नावं शोधायचे. आज मानेचा झोक तेवढा बघत बसले.

अजून एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. होकार देताना कवटी पहिल्या मणक्यावर डोलते, नकार देताना पहिला मणका कवटीसकट दुसऱ्यावर फिरतो. फिरण्याची ती जागा पार वर, दोन कानांच्या मधोमध आहे. चेहरा वळला की कानही त्याच्याबरोबर गेले पाहिजेत, एक पुढे, एक मागे. मी चेहरा वळवला आणि कान होते तिथेच ठेवले.

ओलं फडकं गुंडाळून ठेवलंय. उद्या सकाळी आधी उजवा कान मागे घ्यायचा, मग डावा पुढे.